मादागास्करचे सात दाणे

कुणी मादागास्करचं नाव काढलं की आजही माझं डोकं सणकतं. घरच्यांना हे माहीत आहे. टीव्हीवर त्या बेटावरचे मोठाल्या डोळ्यांचे प्राणी दिसले की लेक मुकाट्यानं चॅनेल बदलते. तिला वाटतं, आईला प्राणी आवडत नाहीत. प्राण्यांनी माझं काय केलंय? माझं भांडण त्या बेटाशी आहे, आणि बेटाच्या आडून माझ्या गाईडशी. निदान इतकी वर्षं मी तसंच सांगत आले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होते. रोज सकाळी जयसिंगपूरहून एस.टी.नं यायचं, संध्याकाळी परत जायचं. कायम व्हायचं असेल तर पीएच.डी. हवी, असं मला तोंडावर सांगितलेलं होतं. नोंदणीची मुदत संपत आली होती, एकदा वाढवून झाली होती, पुन्हा वाढणार नव्हती. म्हणजे प्रबंध वेळेत गेला तर मी राहणार, नाहीतर जयसिंगपूरला आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, आडत दुकानात शेंगांची पोती मोजत बसणार. आप्पांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ‘हुच्ची आहेस,’ ते म्हणायचे. आमच्या घरात मराठी-कानडी अशी सरमिसळच चालायची, आणि वेडं ठरवायचं असलं की हमखास कानडी यायची. ‘दगड फोडायला कोण एवढं शिकतं काय?’

दगड मात्र साधा नव्हता. कोल्हापूर म्हणजे सगळा काळा कातळ, लाव्ह्याचा. पण दक्षिणेला गडहिंग्लज-आजऱ्याकडे गेलं की नदीच्या काठाला कुठे कुठे त्या काळ्या दगडाच्या खालून एक गुलाबीसर वालुकाश्म डोकं वर काढतो. लाव्हा यायच्या कितीतरी आधीची ती वाळू, दाबून दाबून दगड झालेली. त्या वाळूत झिरकॉन नावाचे दाणे असतात, रव्याहूनही बारीक. तापलेला रस गोठताना हा दाणा पोटात थोडं युरेनियम घेतो, शिसं घेत नाही. मग त्या युरेनियमचं ठरलेल्या चालीनं शिसं होत जातं. दोन्ही मोजलं की दाण्याचं वय कळतं. डोंगर झिजतो, वाळू होते, वाहून जाते, पुन्हा दगड होते, तरी हा दाणा आपलं जन्मवर्ष विसरत नाही.

आता हे बघा. आपली ही भूमी, मादागास्कर, आफ्रिका, अंटार्क्टिका हे सगळे तुकडे कधीकाळी एकमेकांना चिकटून होते, मग फुटून लांब गेले, हे शाळेतही शिकवतात. पण कोण कुणाला नेमकं कुठे चिकटलं होतं, आणि त्याच्याही आधी कुणाशी घरोबा होता, यावर शास्त्रज्ञांत भाऊबंदकीसारखी भांडणं चालतात. तिथे हे दाणे साक्षीला येतात. आपल्या वालुकाश्मात असा दाणा सापडला, ज्याच्या वयाचा डोंगर आपल्याकडे नाहीच, आणि समुद्रापलीकडच्या तुकड्यावर आहे, तर ती वाळू तिकडून आली. म्हणजे तेव्हा मध्ये समुद्र नव्हता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस जेवण सुचलं नव्हतं.

काम मात्र बायकी होतं, असं सर म्हणायचे. सर म्हणजे माझे गाईड आणि विभागप्रमुख. दगड फोडायचा, लोखंडी खलबत्त्यात कुटायचा, चाळायचा, आणि मग परातीत पाणी घेऊन तांदूळ रोळतात तसा रोळायचा. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाते, जड कण तळाला राहतात. त्यातून चुंबकानं लोखंडी कण ओढून घ्यायचे, उरलेलं एका जड द्रवात सोडायचं, जे बुडेल ते वाळवायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं एकेक झिरकॉन उचलायचा. सर त्या खोलीत पाऊलही टाकत नसत. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर धूळ बसायची ना. वीस किलो दगड कुटला की मुठीतही भरणार नाही एवढं शिल्लक राहायचं. माझ्या तळहातांना घट्टे पडले होते आणि अव्वा, माझी आई, त्यांना तूप चोळता चोळता सरांच्या नावानं बोटं मोडायची.

या सगळ्यात एकच माणूस माझ्या बाजूनं होता, प्रयोगशाळेतले सेवक. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मंगळवार पेठेत घर, गावाकडे थोडी शेती, आणि निवृत्तीला एखाद-दोन वर्षं राहिलेली. खलबत्ता धुणं, चाळण्या घासणं ही कामं त्यांची. एक नमुना झाला की दुसऱ्याच्या आधी खलबत्ता तारेच्या ब्रशनं घासायचा, वर शुद्ध गारगोटीचा चुरा कुटून टाकून द्यायचा, मग पुन्हा पुसायचा, असा माझा नियम होता. आधीच्या दगडाचा एक दाणा जरी मागे राहिला तरी सगळं मुसळ केरात. मामांना तो नियम माझ्याइतकाच पाठ होता.

त्या वर्षी मामा आणि मामी यात्रा कंपनीच्या गाडीनं काशी-रामेश्वर करून आले. रामेश्वरची वाळू काशीला गंगेत सोडायची, ही आपल्याकडची रीत. ती सोडून उरलेली त्यांनी पुडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवली होती. मग आली खंडेनवमी. विभागात यंत्रांची पूजा होती. मामांनी सगळं लख्ख केलं, झेंडूच्या माळा घातल्या, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लावलं, खलबत्त्यापुढे नारळ फोडला. सरांनी फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दसरा. कॉलेजला सुट्टी, पण मी मुद्दाम आले. माझा सगळ्यात चांगला नमुना, नदीकाठच्या तळातल्या थराचा, मी मुहूर्ताला राखून ठेवला होता. हो, मुहूर्ताला. एम.एस्सी. झालेली बाई मी, पण लहानपणापासून आप्पांच्या आडतीत बघत आले होते. खंडेनवमीला तराजूची पूजा झाली की दसऱ्याचा मुहूर्ताचा सौदा होईपर्यंत त्याला फडकंसुद्धा लावायचं नाही. दोन नमुने वाया गेले होते, मुदत जवळ येत होती, आणि आपटा, सोनं, शुभ दिवस असं काय काय डोक्यात घेऊन मी खलबत्त्यापुढे उभी राहिले. कुलूप उघडून द्यायला मामा आले होते. ते म्हणाले, ‘बाई, आतनं घासून देऊ का एकडाव?’

मी म्हणाले, ‘राहू द्या मामा. पूजा झालीय.’

पुढे दाणे वेचताना मला त्यात थोडे लालसर, काचेसारखे कण दिसले. गार्नेट. आमच्या वालुकाश्मात ते कधीच दिसले नव्हते. मी वहीत लिहिलं, ‘लाल कण, थोडे, बाजूला काढले,’ आणि खरंच बाजूला काढले. मला झिरकॉन हवे होते, लाल कणांशी मला काय करायचं होतं?

जवळपास शंभर दाणे परदेशातल्या एका प्रयोगशाळेत गेले. तिथल्या एका बाईंशी सरांची ओळख होती. वर्षभरानं आकडे आले. बहुतेक दाणे अडीचशे ते तीनशे कोटी वर्षांचे, इथल्याच जुन्या खडकांतले. त्यात नवल नव्हतं. पण सात दाणे पंचावन्न कोटी वर्षांचे निघाले. फक्त पंचावन्न. आमच्या आसपास तसा डोंगर नाही. मादागास्करला आहेत, ढिगानं आहेत.

सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ‘मादागास्करची नदी कोल्हापुरात येत होती!’ ते ओरडले. बाकीचे दाणे गोल, मळकट, आणि हे सात मात्र स्वच्छ आणि चकचकीत. याचं त्यांनी लगेच कारणही शोधलं, की जवळून आले म्हणून झिजले नाहीत. मलाही ते पटलं. पटायला मला काय लागत होतं? पुढच्या तीन महिन्यांत सरांनी एका परिषदेत भाषण केलं, आम्हा दोघांच्या नावानं लेख छापला, त्यांचं नाव आधी, आणि गावातल्या वर्तमानपत्रात बातमी आली, ‘मादागास्कर होते कोल्हापूरचे शेजारी’. आप्पांनी ते कात्रण दुकानात भिंतीला चिकटवलं. शेंगा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना ते बोट दाखवून सांगायचे, ‘आमची पोरगी हाय ही.’ हुच्ची हा शब्द तेवढ्यापुरता बंद झाला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे देऊन ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी खिशातून एक छोटी पुडी काढली.

‘ही तुमास्नी. रामेसरची वाळू हाय. घरात देवापाशी ठेवा.’

मी नमस्कार केला. मामा हसले. ‘बाई, तुमच्या खलबत्त्यात बी घातलीती की मी. खंडेनवमीला. चिमूटभर. लई कष्ट करत हुता, आन् यश काय येत न्हवतं. बघा, झालं का न्हाय नाव?’

मी काय करावं? त्या माणसानं हजार-बाराशे किलोमीटरवरून आणलेलं सगळ्यात पवित्र असं जे होतं ते माझ्यासाठी खलबत्त्यात घातलं होतं, आणि मी त्यांच्यावर ओरडले. सगळ्या विभागाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ‘वाळू घातलीत? माझ्या नमुन्यात वाळू घातलीत?’ मामांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स तसाच होता. ‘माझं चुकलं व्हय बाई?’ ते म्हणाले. मी पुडी घेऊन सूक्ष्मदर्शकाकडे गेले. त्यांना निरोपही दिला नाही.

पुडीतली वाळू मी भिंगाखाली पसरली. लाल कण. काचेसारखे, माझ्या वहीतल्यासारखेच. त्यांच्या शेजारी स्वच्छ, चकचकीत झिरकॉन. तमिळनाडूच्या टोकाकडचे खडक पंचावन्न कोटी वर्षांचे आहेत, हे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मादागास्करचा आणि त्यांचा जन्म एकाच सुमाराचा. माझे सात दाणे समुद्रापलीकडून आलेच नव्हते. ते यात्रा कंपनीच्या गाडीतून आले होते.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, मुहूर्त, पूजा, मी मामांना ‘राहू द्या’ म्हणाले तेही. सरांनी चष्मा काढून पुसला.

‘सात दाण्यांनी काय आभाळ कोसळतंय?’ ते म्हणाले. ‘प्रबंध तयार आहे. दोन महिन्यांत मुदत संपते. कुणाला कळणार आहे?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच माणूस वर्गात पोरांना सांगायचा, दगड खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. मी म्हणाले, ‘अर्धा दगड शिल्लक आहे. पुन्हा कुटते.’ ते म्हणाले, ‘पुन्हा वयं काढायला मी पत्र देणार नाही.’ मी म्हणाले, ‘नका देऊ.’

मंगळवार पेठेतून मी नवा खलबत्ता आणला. टेबलाखालच्या पोत्यातला उरलेला दगड घरी नेला आणि आप्पांच्या दुकानामागच्या अंगणात दहा दिवस कुटला. रागानं कुटल्यामुळे असेल, पण काम भराभर झालं. अव्वानं परात धरली. रोळण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला, तिच्या मनगटात जन्मभराचे तांदूळ होते. एकही लाल कण मिळाला नाही. सायबर कॅफेत बसून मी त्या परदेशी बाईंना मोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं आणि दाणे पोस्टानं पाठवले. बाई भली निघाली. पाच आठवड्यांत उत्तर आलं. पंचावन्न कोटींचा एकही दाणा नाही.

मादागास्कर संपलं. खरं सांगते, मला हलकं वाटलं. आता दुरुस्ती छापायची, प्रबंधातलं ते प्रकरण बदलायचं, आणि जे खरं आहे तेवढ्यावर पदवी घ्यायची. दिवस होते आठ. सरांची सही लागणार होती.

सरांनी ते पत्र वाचलं आणि दातओठ खात माझ्याकडे बघितलं. मला विचारल्याशिवाय लिहिलंस, माझं नाक कापलंस, आता जगभर हसं होईल, वगैरे पंधरा मिनिटं चाललं. मग ते शांत झाले. तिकडच्या बाईंना सगळं कळलंय म्हटल्यावर दुरुस्ती छापणं भागच होतं. त्यांनी कागद ओढला आणि दुरुस्तीचा मजकूर स्वतःच लिहून माझ्यापुढे सरकवला. त्यात एक वाक्य होतं. संशोधकांच्या नकळत, एका अप्रशिक्षित सेवकानं अंधश्रद्धेपोटी उपकरणात वाळू टाकल्यामुळे नमुना दूषित झाला.

‘मामांना मध्ये आणायचं नाही,’ मी म्हणाले. ‘घासायचं मी टाळलं. लाल कण मी काढून टाकले.’

‘मग काय लिहू?’ सर म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. ‘बाईंनी मुहूर्त बघून दगड फोडला आणि पूजा झाली म्हणून खलबत्ता धुतला नाही, असं लिहू? तोंडी परीक्षेला बाहेरचे लोक येणार आहेत. हसतील तुला. तो माणूस निवृत्त झालाय. त्याचं काय जाणार आहे? तुझं सगळं जाईल.’

मी त्यांना खूप बोलले. भित्रे म्हटलं, ढोंगी म्हटलं. दार आपटून बाहेर गेले, व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, परत आत आले, पुन्हा बोलले. आठ दिवसांपैकी दोन असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी सही केली. तेच वाक्य प्रबंधातही गेलं.

पदवी मिळाली. नोकरी कायम झाली. वर्तमानपत्राला या खेपेला जास्त चवदार बातमी मिळाली, ‘अंधश्रद्धेमुळे मादागास्कर हुकले’. वार्ताहरानं फोन करून मला विचारलं होतं, सेवकानं खरंच वाळू टाकली का. मी हो म्हणाले. खोटं कुठे होतं? टाकलीच होती. सेवकाचं नाव छापलं नव्हतं, पण मंगळवार पेठेत रामेश्वर करून आलेला आणि आमच्या विभागातून निवृत्त झालेला सेवक तो एकच.

दिवाळीनंतर एकदा मामा विभागात आले. पेन्शनच्या कागदाचं काहीतरी काम होतं. मी चहा मागवला. खुर्चीवर बसा म्हटलं तरी ते पूर्वीसारखे स्टुलावरच बसले. खिशातून घडी घातलेलं कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. माझ्याकडे बघत नव्हते, त्या कोपऱ्यातल्या जुन्या खलबत्त्याकडे बघत होते.

‘गल्लीतली पोरं मला वाळूमामा म्हणत्यात,’ ते म्हणाले. ‘म्हणंनात. आमी अडाणीच हाय. वाळू मीच घातली, ते खरंच हाय की. पर बाई, मी तुमास्नी इचारलंतं. घासून देऊ का म्हणून इचारलंतं. तेवढं तरी त्यास्नी सांगायचं हुतं.’

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर मलाही उलट ओरडता आलं असतं, रागवायला मी काही कमी नव्हते. त्यांनी कात्रण पुन्हा घडी करून खिशात घातलं आणि ‘येतो’ म्हणून निघून गेले. चहा तसाच राहिला.

आता सर नाहीत, मामाही नाहीत. प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी तो काढतो आणि मला येऊन विचारतो, मॅडम, ती वाळूची गोष्ट खरी आहे का हो? मी सरांना शिव्या घालत घालत ती रंगवून सांगते. पोरं हसतात. मामांनी काय विचारलं होतं, ते मात्र मी अजून एकाही पोराला सांगितलेलं नाही.